पंपघराच्या भिंतीवरचं बिल

मंडळी, समोर नगरसेवक आहेत, मुख्याधिकारी आहेत, काही सरपंचही आलेत. सगळ्यांना एकच विचारतो. तुमच्या गावच्या पाणीपुरवठ्याचं मागच्या महिन्याचं वीजबिल किती आलं? आकडा माहीत असेल त्यांनी हात वर करा.

दोन हात. जिथे जातो तिथे साधारण एवढेच वर येतात. गावाच्या तिजोरीतून विजेवर जाणाऱ्या पैशात मोठा वाटा पाण्याचा असतो, म्हणून आज वातावरण बदलाचं बोलणं मी पंपघरापासून सुरू करतो.

पाणी जड असतं. हजार लिटर म्हणजे एक टन. तो टन शंभर मीटर उंच चढवायला, कुठेही काही वाया गेलं नाही तरी, 0.27 युनिट वीज लागते. हा निसर्गाचा हिशेब, त्यात घासाघीस नाही. चांगला पंप आणि चांगली मोटर मिळून यालाच सुमारे 0.43 युनिट घेतात. इम्पेलर म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक झिजलेलं, दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून पाण्याची धार लागलेली, मोटर तीनदा रिवाइंड केलेली म्हणजे आतली तार पुन्हा गुंडाळलेली, असा संच 0.68 युनिटपर्यंत सहज जातो. आता पन्नास हजार वस्तीचं शहर घ्या, माणशी रोज 135 लिटर, चढ तोच शंभर मीटरचा. दोन्ही पंपांत रोज जवळपास 1,700 युनिटांचा फरक पडतो, वर्षाला सहा लाखांवर. आठ रुपये दर धरला तर अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास लाख रुपये. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला चारशे टनांहून जास्त. पाणी मात्र नळाला तेवढंच येतं.

आणि रस्त्याखाली फुटलेल्या लाइनमधून वाहून जाणारा प्रत्येक लिटर आधी विजेनं वर चढवलेला असतो. गळती काढणं हे पाणीखात्याचं काम समजलं जातं. माझ्या मते वीज वाचवण्याचंही ते पहिलं काम आहे.

एका नगरपालिकेत गेलो होतो, नाव सांगत नाही. पंपघरात पाऊल टाकलं आणि आवाजावरूनच कळलं. डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून पाणी पुढे सोडणारा वॉल्व्ह अर्ध्याहून जास्त बंद. हात ठेवला तर पाइप थरथरत होता, आत वाळू घासावी तसा आवाज. ऑपरेटर म्हणाला, ''साहेब, पूर्ण उघडला की मोटर ट्रिप होते. मी आलो तेव्हापासून एवढाच उघडतोय.'' योजना आखताना तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरली, त्यावर सुरक्षिततेसाठी आणखी थोडं वाढवलं, आणि गरजेपेक्षा मोठा पंप बसला. गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि वेग ब्रेकनं सांभाळायचा, असं ते रोज सोळा तास चाललं होतं. इम्पेलर काढून लेथवर हिशेबानं त्याचा व्यास कमी केला, वॉल्व्ह पूर्ण उघडला. मोटर किती करंट ओढते ते दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा उतरला आणि खालीच राहिला. नवीन यंत्र एकही घ्यावं लागलं नाही.

नवीन पंप घ्यायची वेळ येते तेव्हा खरी चूक टेंडरमध्ये होते. सर्वांत कमी किमतीचा पंप निवडला जातो. 75 किलोवॅटचा पंप सोळा तास चालला तर रोज 1,200 युनिट, आठच्या दरानं 9,600 रुपये. काही महिन्यांतच तो स्वतःच्या किमतीएवढी वीज खातो आणि पुढे पंधरा वर्षं खात राहतो. म्हणून कार्यक्षमतेची अट आणि आयुष्यभराच्या विजेचा खर्च टेंडरमध्ये घाला. हे तुमच्या अधिकारातलं आहे. इथे सही करताना थोडा हट्ट धरा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पथदिव्यांवर फार बोलत नाही. एलईडी बहुतेकांनी बसवलेत. पण सकाळी दहाला जळणारा एलईडी कसली बचत करतो? टायमर लावा.

सोलरबद्दल सगळेच विचारतात. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, जरूर बघून या. पण झिजलेल्या पंपावर सोलर बसवलं, तर महागाचे पॅनल पंपात वाया जाणारी वीज भरून काढण्यातच जातील. आधी पंप, मग पॅनल.

घरांपर्यंत पोचायचा रस्ताही तुमच्याच हातात आहे. मुंबई महापालिकेनं मार्च 2022 मध्ये वातावरण कृती आराखडा काढला. शहराच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा इमारतींमधल्या ऊर्जेचा, असं त्यात दिसलं. बांधकाम परवानगी कोण देतं? मालमत्ता कर कोण घेतं? पुणे महापालिका सौर बंब, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्यांना करात 5 ते 10 टक्के सूट देते. असा ठराव तुमच्या सर्वसाधारण सभेतही येऊ शकतो.

त्या पंपघराकडे परत येतो. निघताना ऑपरेटरनं हळूच विचारलं, ''साहेब, आपलं बिल येतं तरी किती?'' बावीस वर्षं तो पंप चालवत होता. बिल लेखा विभागात येई, तिथूनच भरलं जाई. पंप चालवणाऱ्यानं बिल पाहिलेलं नव्हतं आणि बिल भरणाऱ्यानं पंप. मुख्याधिकारी मॅडमनी त्याच दिवशी बिलाची प्रत पंपघराच्या भिंतीला लावायला सांगितली. दोन महिन्यांनी गेलो, तर बिलाशेजारी खडूनं रोजचं मीटर रीडिंग मांडलेलं होतं. एका तारखेला त्यानं गोल केला होता. त्या दिवशी युनिटं अचानक वाढली, म्हणून तो स्वतः लाइन धरून चालत गेला आणि ओढ्याजवळचा फुटका जॉइंट शोधून आला.