कोंडा जवळ, दाणा लांब

(धानाच्या बांध्या, अंधार पडत आलेला)

हा सिंदेवाही तालुका, जिल्हा चंद्रपूर. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. माझे बारावीचे पेपर चालू होते, मी छपरीत पुस्तक उघडून बसलेलो, वाचत होतो असं म्हणणार नाही, अन् पावणेआठच्या सुमारास बाहेर पोट्ट्यांचा एकच कल्ला, अबे विमान जळून राह्यलं! धावत बाहेर आलो तर एक नाही, कितीतरी पेटते गोळे एका रांगेत, मागे लांब शेपट्या, अन् आवाज? काहीच नाही. नागपूरपासून पार मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी ते बघितलं, मोबाईलवर शूट केलं, पण खाली पडलं ते आमच्याकडे.

लाडबोरी गावात लोखंडी वाटावं असं एक भलंमोठं कडं पडलं, दोन-तीन मीटर रुंद, चाळीस किलोच्या वर. पवनपारकडे दीडेक फुटाचा गोळा सापडला. कडं पोलीस ठाण्यात नेऊन ठेवलं, मग इस्रोची माणसं आली, अन् तिकडे अमेरिकेत जोनाथन मॅकडॉवेल नावाचे खगोलशास्त्रज्ञ, जे कुठला उपग्रह कुठं फिरतोय याचा हिशोब ठेवतात, त्यांनी सांगितलं की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. म्हणजे वर्षभर वर फिरत होता, अन् उतरला तर आमच्या बांधीत.

आता इथं मी म्हणालो की बस, त्याच रात्री ठरवलं एरोस्पेस इंजिनिअरिंग करायचं, तर व्हिडिओ भारी होईल. पण खरं अर्धंच आहे. बाकी अर्धं असं की माझ्या रँकला कॉम्प्युटर लागत नव्हतं.

(बसस्टँड, पोहे-तर्रीची गाडी)

सुट्टीत घरी आलो की पहिला प्रश्न, काय बाबू, विमान चालवाले शिकला का? नाही काका. मंग दुरुस्त करतं? तेही नाही. मग काका गप्प होतात, पोरगं फुकट गेलं असा चेहरा. तर एकदाचं सांगूनच टाकतो. चालवतो तो पायलट, त्याचं ट्रेनिंग वेगळं. विमानाची तपासणी-दुरुस्ती करून ते उडायला फिट आहे अशी सही करतो तो मेंटेनन्स इंजिनिअर, त्याला डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स लागतं, नागपूरला मिहानमध्ये बोईंगनं बांधून दिलेले मोठे हँगर आहेत तिथं तसलं काम चालतं. अन् एरोस्पेसवाला कागदावर, म्हणजे आता कॉम्प्युटरवर, ठरवतो की पंख केवढा पाहिजे, पत्रा किती जाड, इंजिन किती जोर लावेल, अन् हे सगळं हवेत डुगडुगणार तर नाही ना. बीटेक चार वर्षांचं. जेईईमधून आयआयटीत जाता येतं, किंवा तिरुअनंतपुरमजवळ अंतराळ विभागाची आयआयएसटी आहे, २००७ पासूनची, तिथंही जेईई ॲडव्हान्स्डच लागते. अन् कोणतंही प्रायव्हेट कॉलेज घेत असाल तर ब्रोशरवरच्या विमानाच्या फोटोला भुलू नका, जाऊन विचारा विंड टनेल, म्हणजे मॉडेलवर वारा सोडून बघायचा बोगदा, कुठाय, चालू करून दाखवा. आमच्या ओळखीतल्या एकाला तिसऱ्या वर्षी कळलं की ते आहे, पण त्याची मोटर जळालेली. त्यापेक्षा चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल करून गेट परीक्षेतून एमटेकला एरोस्पेसकडे वळलेलं काय वाईट.

पहिल्या वर्षी विमान दिसत नाही. गणित, गणित, थोडं फिजिक्स, वर्कशॉपमध्ये फाईल घेऊन लोखंड घासणं, अन् परत गणित. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला, संवेग माहीत, जडत्व माहीत, पण सर मोमेंटम मोमेंटम करत राहायचे अन् आठवडाभरानं डोक्यात पेटलं की अरे, हा तर आपला संवेग! सेमिस्टर अशीच भाषांतर करण्यात गेली. अन् मेसमध्ये रोज सांबार.

दुसऱ्या वर्षी मजा सुरू झाली. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते, वेग दुप्पट केला तर उचल चौपट. अन् आत दाब भरायचा तर टाकी गोल का करतात, कारण तेवढाच व्यास, तेवढाच दाब, तर गोळ्याच्या भिंतीवर नळकांड्याच्या अर्धाच ताण येतो, म्हणून अर्ध्या जाडीत भागतं. हे फळ्यावर आलं अन् मला पवनपारचा गोळा आठवला. रॉकेटमध्ये असे गोळे असतात, आत खूप दाबाखाली गॅस भरलेला, तो इंधनाच्या टाकीत दाब टिकवतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, टायटॅनियमला १६६० च्या वर लागतं, म्हणून बाकी रॉकेट जळून जातं अन् टायटॅनियमचे गोळे बरेचदा खाली पोचतात.

मग विंड टनेल. मोठ्ठा पंखा, लांब बोगदा, मधे हातभर विमानाचं मॉडेल घट्ट बसवलेलं. विमान हलत नाही, हवा हलते. सर म्हणाले, दोन्ही एकच, हवेला फरक पडत नाही कोण पळतंय याचा. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी पण लिहून घेतलं, कळलं नव्हतं.

(खळं. सूप, पंख्याचा आवाज)

कळलं ते इथं. हा आमचा चुरणा झालेला माल, आता उडवणी. बाबा सुपातून धान सोडतात, पंख्याचा वारा लागतो, भरीव दाणा पायाशी पडतो, पोचट दाणे जरा पुढं, भुसा पार कुंपणापाशी. वजन किती अन् वाऱ्याला अंग किती दिलं, एवढाच खेळ. रॉकेटचा टप्पा जवळपास २८,००० किलोमीटर ताशी वेगानं हवेत घुसतो अन् फुटतो तेव्हा हेच होतं, वजन अन् अंगाच्या या हिशोबाला आमच्या अभ्यासात बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात, फक्त तिथं वारा उभा अन् माल पळतोय.

(बाबांचा आवाज, कॅमेरा सुपावरच)

मी बाबांना एवढंच विचारलं, पंखा बंद आहे असं समजा, अन् तुम्हीच हे सगळं धान जोरात फेकलं तर काय पुढं जाईन?

"फेकलं तं? मंग उलटं होईन ना. भुसा इथंच पडन, दाणा जाईन लांब."

आमच्या वर्गाला हे समजायला तीन लेक्चर लागली होती, अन् मिडटर्मला अर्ध्या लोकांनी तरी उलटंच लिहिलं, त्यात मीही. लाडबोरीचं कडं पोकळ अन् रुंद, म्हणजे भुशाच्या जातीचं, हवेनं ते वरच्या वर अडवलं असणार, वेग लवकर मेला म्हणून तापलंही कमी अन् अख्खं खाली आलं.

बाबांना हे सांगायला लागलो तर ते म्हणाले, "काऊन फेकू पण मी धान? धर सूप, वारा बदलला."

वारा खरंच बदलला होता. भुसा सगळा कॅमेऱ्यावर. म्हणून इथून पुढचं फुटेज धुरकट दिसतंय.