गुलाबी द्रवातली त्वचा

नवे औषध त्वचेला दाहक आहे का, हे प्राण्यांऐवजी छापलेल्या मानवी त्वचेवर तपासणाऱ्या पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या या प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवात सूक्ष्मदर्शकाने होते. बाटलीच्या तळाला चिकटून पसरलेल्या या लांबट पेशी माणसाच्या त्वचेच्या आतल्या थरातल्या आहेत. भोवतीचा गुलाबी द्रव हे त्यांचे अन्न. तो पिवळसर दिसू लागला की बदलण्याची वेळ झाली, हे येथील संशोधक नुसत्या नजरेने ओळखतात. पुण्याला पेशी जोपासण्याचे काम नवे नाही. गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राची पेशीपेढी देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते.

आता या पेशी जिलेटिनपासून बनवलेल्या जैवशाईत, म्हणजे छपाईयंत्रात भरायच्या द्रवात, हलक्या हाताने मिसळल्या जातात. शाई घट्ट झाली तर नोझलमधल्या दाबाने पेशी मरतात आणि पातळ राहिली तर छापलेली रेघ पसरते, म्हणून तापमानावर सतत नजर ठेवावी लागते. मेंदीच्या कोनातून उतरावी तशी ही रेघ उतरते, आडव्या रेघांवर उभ्या रेघा बसतात आणि निळा प्रकाश पडताच थर घट्ट होऊन त्याची चकती बनते. त्यावर बाह्यत्वचेच्या पेशी पसरून चकती काही दिवस द्रवात बुडवून ठेवतात आणि मग तिची वरची बाजू हवेला उघडी करतात. हवा लागल्यावरच या पेशी थरावर थर रचून खऱ्या कातडीसारखे राठ कवच धरू लागतात. ३७ अंशांच्या या कपाटात त्यासाठी साधारण दोन आठवडे जातात.

सशाच्या कातडीवर आणि डोळ्यांत पदार्थ घालून दाह मोजण्याची पद्धत १९४४ सालची. डोळा चोळता येऊ नये म्हणून सशाची मान अडकवून ठेवत. अर्थात येथील द्रवातही बहुधा वासराच्या गर्भाचे सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, असते आणि जिलेटिनही जनावराचेच, हे लपवण्याचे कारण नाही. या चकतीत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे पोटात घेतलेल्या औषधाचे यकृतात काय होते, हे ती सांगू शकत नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या प्राणीचाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी आली आणि मार्च २०२३ च्या नियमदुरुस्तीने नव्या औषधांच्या तपासणीतही अशा नमुन्यांना वाट मिळाली.

आता, तपासायचा पदार्थ टाकून झालेल्या चकत्यांवर, हे पिवळे रसायन. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात, मेलेल्या करू शकत नाहीत; जिवंत पेशींचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली आले, तर पदार्थ दाहक ठरतो. पहिल्या तीन चकत्यांवर नुसते खारे पाणी टाकले होते, त्या गडद जांभळ्या आहेत. मधल्या तिन्हींवर मुद्दाम दाहक साबणद्रव्य टाकले होते, त्या फिक्या पडल्या आहेत. शेवटच्या तीन चकत्या नव्या मलमाच्या. त्याही जांभळ्या आहेत.