पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार हिटलरच्या बाजूने गेला असता, तर गोवा कधी सुटला असता?

नमस्कार. नकाशावर हे मुरगाव बंदर बघा. 1943 साली इथे तीन जर्मन आणि एक इटालियन अशी चार जहाजं अडकून पडली होती. ब्रिटिशांना ती खुपत होती, पण उघडपणे आत शिरायची सोय नव्हती. गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ! शेवटी 9 मार्चच्या रात्री कलकत्त्याच्या काही मध्यमवयीन इंग्रजांनी, एरवी कचेऱ्यांत काम करणाऱ्या माणसांनी, गुपचूप त्यातल्या 'एहरेनफेल्स' या जर्मन जहाजावर चढाई केली. जर्मन खलाशांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली. ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं गुप्त राहिली.

आता समजा, 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर सालाझारने हिटलरचा हात धरला असता.

मग चोरी कशाला? गोव्याच्या तिन्ही बाजूंना ब्रिटिश मुलूख आणि त्यांच्या अंकित संस्थानं, चौथीकडे समुद्र आणि त्यावर ब्रिटिश आरमार. मला वाटतं, ब्रिटिशांना गोवा घ्यायला आठवडाभरही लागला नसता. 1961 मध्ये भारतीय सैन्याला दोन दिवसही लागले नाहीत.

पुढचा भाग महत्त्वाचा. हरलेल्या इटलीला 1947 च्या तहात आपल्या आफ्रिकेतल्या वसाहती सोडाव्या लागल्या. पोर्तुगालचंही तेच झालं असतं. प्रत्यक्षात सालाझारने 1943 मध्ये अझोर्स बेटांवर ब्रिटनला तळ दिले आणि बदल्यात वसाहतींवरची सत्ता अबाधित राहील अशी हमी मिळवली. 1949 मध्ये पोर्तुगाल थेट 'नाटो'चा संस्थापक सदस्य! गोव्याच्या पायातली बेडी या तटस्थतेने आणखी घट्ट केली. 1955 च्या पंधरा ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर पोर्तुगीज गोळ्यांनी पडले, ते दुःख मला या हिशोबातून वेगळं काढता येत नाही.

तरीही 'असंच व्हायला हवं होतं' असं मी म्हणणार नाही. नाझींपासून पळणाऱ्या हजारो ज्यूंसाठी लिस्बन हे युरोपातून बाहेर पडायचं दार होतं. ते बंद झालं असतं.

आणि गोव्याचं काय? इंग्रजांच्या ताब्यातला गोवा बहुधा मुंबई इलाख्याला जोडला गेला असता आणि 1947 मध्ये त्याच्यासोबतच स्वतंत्र झाला असता. म्हणजे चौदा वर्षं आधी. पण मग 16 जानेवारी 1967 चं जनमतही झालं नसतं. महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं, हे गोंयकारांना कुणी विचारलंच नसतं.