अमळनेर : बोरीच्या पात्रातला शनिवार-रविवार

दृश्य : बोरी नदीचं कोरडं पात्र, ऊन कलतंय, पाळण्यांचे सांगाडे उभे राहतायत

खान्देशाला समुद्र नाही. सुट्ट्या लागल्या की इथली पोरं मामाच्या गावाला जातात, ज्यांच्याकडं गाडी आहे ते दिवेआगर नाहीतर गणपतीपुळ्याचं बुकिंग करतात, आणि उरलेलं अख्खं अमळनेर वैशाखात संध्याकाळी पाच वाजले की बोरी नदीत उतरतं. वाळूत उतरतं म्हणा ना, कारण या दिवसात नदीला पाणी नसतंच. दुपारी पारा 43-44 वर असतो, रस्त्यावर कुत्रं फिरत नाही, आणि ही वाळू तापलेली असते. पण ऊन जरा कललं की बघा, सायकली, ट्रॅक्टर, रिक्षा, कडेवर पोर घेतलेल्या बाया, सगळे उतारावरून खाली यायला लागतात.

आखाजी झाली की हे सुरू होतं. म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, खान्देशात तिला आखाजी म्हणतात आणि दिवाळीइतकाच मान देतात. सासरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधलेले असतात, घरात सांजोऱ्या आणि आमरस. त्याच दिवशी वाडी संस्थानात, म्हणजे संत सखाराम महाराजांच्या इथल्या संस्थानात, स्तंभारोपण होतं आणि महाराजांची यात्रा उभी राहते, ती पार वैशाखी पौर्णिमेपर्यंत आणि नंतरही काही दिवस, कारण दुकानदार लगेच उठत नाहीत आणि गावालाही त्यांनी उठावं असं वाटत नाही.

दृश्य : पात्रातली समाधी, मागे गाव

ही समाधी नदीच्या पात्रातच आहे. सखाराम महाराज 1818 साली गेले. 2018 मध्ये समाधीला 200 वर्षं झाली तेव्हा इथं मोठा सोहळा झाला होता. इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्येसुद्धा मे महिन्यात बोरीच्या पात्रात भरणाऱ्या या जत्रेची नोंद आहे, म्हणजे आज तुम्ही जिथं गोडी शेव घेताय, तिथंच तुमच्या खापरपणज्यानं कधीतरी बैलगाडी सोडली असेल.

आता रथ. यासाठी आपण जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

दृश्य : रथाचं चाक, मोगरी, जवळून

मोहिनी एकादशीला संध्याकाळनंतर वाडीतून लालजींचा लाकडी रथ निघतो आणि रात्रभर गावात फिरतो. लोक वर बघतात, फुलं, लाइटिंग, मूर्ती. तुम्ही खाली बघा. रथाला ना स्टिअरिंग आहे ना ब्रेक, ओढणारे शेकडो हात आहेत पण वळवणारे हात वेगळेच, चाकाशी वाकून चालणारे. त्यांच्या हातात जो लाकडाचा ठोकळा दिसतोय ती मोगरी. रथ डावीकडं घ्यायचा असेल तर डाव्या चाकापुढं मोगरी सारायची, ते चाक अडतं, उजवं पुढं जातं, रथ थोडा वळतो, लगेच मोगरी काढून घ्यायची आणि पुन्हा लावायची. जास्त वेळ राहिली तर रथ गचका खातो, उशिरा लागली तर समोरच्या ओट्यावर जातो. उतारावर तर दोन्ही बाजूंनी माणसं लागतात आणि सगळे एकमेकांकडं बघत असतात, बोलत नाहीत, कारण एवढ्या टाळ-मृदंगात आवाज ऐकूच जात नाही. बोटं चाकापासून वीतभर अंतरावर. हा कसब कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, बापाच्या मागं मुलगा चालतो आणि काही वर्षांनी मोगरी त्याच्या हातात येते. आम्हाला विचाराल तर या गावचा सगळ्यात भारी इतिहास हा आहे, आणि तो अजून चालू आहे.

मग पौर्णिमेला पालखी, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते.

दृश्य : दगडी दरवाजा, सकाळ

सकाळी उन्हाच्या आत हे बघून घ्या. अमळनेर एकेकाळी तटबंदीचं गाव, नदीला लागून भुईकोट. 1818 सालीच, म्हणजे महाराज गेले त्याच वर्षी, पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी हा किल्ला अरब शिबंदीच्या हातून घेतला. तट बराच गेला, राहिला हा दगडी दरवाजा, आणि त्याच्या खालून आजही भाजीच्या हातगाड्या जातात. मधे एका पावसाळ्यात बुरूज ढासळला तेव्हा गावाला एकदम आठवण झाली की अरे, हे आपलं आहे.

इथून पुढं दोन-तीन ठिकाणं पायीच होतात. प्रताप मिलवाले मोतीलाल माणेकचंद, ज्यांना गाव प्रतापशेठ म्हणूनच ओळखतं, त्यांच्या पैशातून 1916 साली इथं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानावर संशोधन करणारी संस्था, आणि तीही शंभर वर्षांपूर्वी! बंगालमधले कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे विद्वान या उन्हात येऊन राहिले, इथून इंग्रजी तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक निघायचं. साने गुरुजीही आधी इथंच आले अभ्यासाला, मग 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक. छात्रालय त्यांच्याकडं होतं, पोरांच्या खोल्या स्वतः झाडायचे, आणि रोज हातानं लिहून छात्रालय दैनिक काढायचे, म्हणजे पोरं झोपली की हे लिहीत बसणार आणि सकाळी पोरांसमोर ताजा अंक. 1930 ला नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. आणि हो, विप्रोसुद्धा इथलीच. 1945 च्या डिसेंबरात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, कॉम्प्युटर फार नंतर आले.

प्रताप मिल मात्र बंद पडली, कामगार पांगले.

दृश्य : तापी-पांझरा संगम, कपिलेश्वर

रविवारी मात्र पाणी हवंच असेल तर निमला चला, तालुक्यातलंच गाव. तिथं पांझरा तापीला मिळते आणि काठावर कपिलेश्वराचं जुनं देऊळ आहे. डबे घेऊन लोक येतात, कळण्याची भाकरी, ठेचा, कैरी, आणि सोबत एक डांगर, म्हणजे आपलं खरबूज, ते आधी नदीच्या पाण्यात ठेवून गार करायचं. पोरं काठाकाठानं डुंबतात. खोल पाण्यात जाऊ नका, तापी वरून शांत दिसते तेवढी नाही.

दृश्य : बोरीचं पात्र, खड्डे, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या

हे खड्डे वाळू उपशाचे. वाळू गेली की काठच्या विहिरी आटतात, आणि पाळणा रोवायला सपाट जागा सापडत नाही. इथले म्हातारे सरळ सांगतात, "पह्यले नदीमा पानी राहे, आते वाळूबी नही."

दृश्य : यात्रेतली रात्र, पाळणे, भांड्यांची दुकानं

पुढच्या आखाजीनंतर या. सुरत-भुसावळ लाइनवर अमळनेर स्टेशन आहे, धुळ्याहून तर एसटीनं तासाभराचं काम. एकादशी कोणत्या वारी येतेय ते कॅलेंडरमध्ये बघून घ्या, शनिवार-रविवारला लागून आली तर सोन्याहून पिवळं. रथ बघायचा असेल तर रात्री जागायची तयारी ठेवा, आणि पोरांना घेऊन चाकाच्या बाजूला, पण लांब, ओट्यावर उभे राहा. मोगरी तिथूनच नीट दिसते.