साडेदहाची मालिका आणि मामांचा ट्रॅक्टर

श्रोतेहो, नमस्कार. आज मला बोलायला सांगितलंय टीव्हीच्या धंद्यातल्या एका बाईवर. पडद्यावर रडणारी बाई नव्हे, पडद्यावर कुणी कधी रडायचं ते ठरवणारी. एकता कपूर. नाव ऐकून स्वयंपाकघरातल्यांनी रेडिओ मोठा केला असेल आणि ओसरीवरच्यांनी नाक मुरडलं असेल. असू द्या. दोघंही बसा.

आधी चार गोष्टी झटपट सांगून टाकते, म्हणजे मला माझ्या आत्याच्या गावाला जाता येईल. एकता कपूर यांचा जन्म 7 जून 1975चा. वडील सिनेनट जितेंद्र. 1994 साली त्यांची मालिका बनवणारी कंपनी, बालाजी टेलिफिल्म्स, सुरू झाली तेव्हा ही पोरगी एकोणीस वर्षांची. सोबत आई, शोभा कपूर. 1995ला झी टीव्हीवर त्यांची ‘हम पाँच’ आली. पाच पोरींचा बाप, आणि भिंतीवरच्या फोटोतून त्याला टोमणे मारणारी त्याची वारलेली पहिली बायको. फोटोतली ती बाई म्हणजे आपली प्रिया तेंडुलकर, आठवतंय ना?

मग आली तारीख 3 जुलै 2000. स्टार प्लसवर त्या रात्री नऊ वाजता ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, आणि त्याच रात्री साडेदहाला बालाजीची ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. साडेदहाला, बरं का. रात्रीच्या साडेदहाला. कुणी म्हणेल ही काय वेळ झाली? पण आपल्याकडं सगळ्यात शेवटी कोण जेवतं, ते मी सांगायची गरज नाही. सगळ्यांची ताटं उचलून, विरजण लावून बाई भिंतीला पाठ टेकते ती याच सुमाराला. मालिका तिची वाट बघत बसलेली.

आता आत्या. गोदाकाठचं गाव, पाथरीच्या अलीकडं. मी बारावीची परीक्षा देऊन तिच्याकडं गेलेले. उसाची तोड संपत आलेली, मामांचा ट्रॅक्टर रोज कारखान्याला जायचा. घरात चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. केबलवाल्याचं घर भिंतीला भिंत लागून, आणि त्याच्याकडं इन्व्हर्टर. म्हणजे लाइट गेली तरी केबल चालू, बंद पडायचा तो आपला टीव्ही.

त्या दिवसांत मालिकेतला मिहीर मेला होता. नायिका तुळशीचा नवरा. गावात खरं सुतक असावं तशा बाया बसायच्या. आणि मग कळलं, मिहीर जिवंत आहे, परत येणार आहे. त्या रात्री दहालाच आत्याच्या घरात दहा-अकरा बाया. साडेदहाला ते गाणं सुरू झालं, तुळशीनं दार उघडलं, आणि लाइट गेली.

अंधारात कुणीच बोलेना. मग आत्याचा आवाज, “पोरी, बारा-तेराचा पाना आन.”

मामा ओसरीवर झोपलेले. ट्रॅक्टर अंगणात, कडब्याच्या गंजीला लागून. आत्यानं पदर खोचला. मी कंदील धरला, तिनं बॅटरीचे क्लॅम्प सोडले. जन्मात ट्रॅक्टरला हात न लावलेली बाई, पण मामांना करताना बघितलेलं असणार. एक कान तिनं धरला, एक मी. लै जड हो ती बॅटरी. तिच्यातल्या ॲसिडचा थेंब आत्याच्या लुगड्यावर उडाला, धुतल्यावर तिथं रुपयाएवढं भोक पडलं. टीव्हीच्या मागं बारा व्होल्टची पिन असायची, त्या वायरी लावल्या, आणि पडदा उजळला. मिहीर दारात उभा!

शेजारची म्हातारी म्हणाली, “आगं पन मेलेला मानूस आला कसा?”

आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “पब्लिकनं आनला, माय.”

श्रोतेहो, टीव्हीचा सगळा धंदा आत्यानं तीन शब्दांत सांगितला. पब्लिकनं आनला. खरंच तसंच झालेलं. मिहीरला मारल्यावर प्रेक्षकांनी ओरड केली आणि बालाजीनं त्याला परत आणलं. रोजच्या मालिकेचं तसंच असतं. टीआरपीचा, म्हणजे मालिका किती घरांत बघितली त्याचा, आकडा आठवड्याला हातात येतो, तो घसरला की लग्न लांबतं, वाढला की खलनायिकेचा मुक्काम वाढतो. एकताबाईंनी हे तंत्र एवढं राबवलं की ती मालिका 2008च्या नोव्हेंबरपर्यंत आठ वर्षं चालली. अठराशेच्या वर भाग.

सकाळी मामांनी किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक. ट्रॉली भरून उभी, कारखान्यावर नंबर लागलेला, आणि तोडलेला ऊस उन्हात राहिला की वजन घटतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. गडी गोळा केले, धक्का मारला, तेव्हा कुठं इंजिन धडधडलं. रात्रीची गोष्ट बायांकडून गावभर झालीच होती. मामा ट्रॅक्टरवरनं ओरडले, “त्या तुळशीनं माझी बॅटरी उतरवली!” पुढं कितीतरी वर्षं गावात कुणाची गाडी बंद पडली की लोक विचारायचे, “कामून रे, तुळशी बघितली काय?”

आता थोडं वेगळं, पण मला बोलायचंच आहे. आत्या, ती म्हातारी, त्या दहा-अकरा बाया. यांतली एकही त्या टीआरपीत मोजली जात नव्हती. बघणारे मोजायचे मीटर शहरांतल्या घरांत बसवलेले. खेड्यातलं घर मोजदादीत आलं ते 2015च्या ऑक्टोबरात, बार्क या टीव्ही बघणारे मोजणाऱ्या संस्थेचे आकडे आले तेव्हा. आणि आल्याबरोबर यादी पालटली, फुकट दिसणारे चॅनल वर चढले. म्हणजे पब्लिकनं आनला हे खरं, पण त्या पब्लिकमध्ये आत्या नव्हती. एकही आकडा तिच्या नावावर नाही. आणि आपल्या मराठी मालिकांचं तर विचारूच नका. आपल्या मराठवाड्याची बोली तिथं गड्याच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी. माझी आत्या बोलते तशी बोलणारी नायिका का नको?

पुढचं थोडक्यात. कंपनी शेअर बाजारात गेली, सिनेमे आले, 2017ला मोबाइलवरची वाहिनी आली, 2020ला पद्मश्री, 2023ला न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय एमीचा डिरेक्टोरेट पुरस्कार. आणि 29 जुलै 2025ला तीच मालिका नव्यानं सुरू झाली. वेळ कोणती? साडेदहा. रात्रीचे साडेदहाच.

पद्मश्रीची बातमी मी मामांना फोनवर सांगितली. ऐंशीच्या पुढचं वय, कान अजून तिखट. म्हणाले, “बॅटरी उतरवल्याबद्दल दिली काय?”

मामा रोज या वेळेला रेडिओ ऐकतात. म्हणून आज इथं सांगते. मामा, चौदा इंची टीव्हीनं अर्ध्या तासात ट्रॅक्टरची बॅटरी उतरत नसते. त्या रात्री बॅटरी परत बसवताना पाना माझ्या हातातनं कडब्यात पडला. अंधारात सापडेना, म्हणून एक क्लॅम्प मी हातानंच आवळला. पाना पावसाळ्याच्या तोंडाला गंजीखाली सापडला. तो मीच गुपचूप पेटीत ठेवला होता.