सुईच्या टोकानं घडी

काचेआडचा हा करकोचा बघा. बोटाच्या पेरावर मावेल एवढा कागद, तरी चोच, मान, पंख सगळं जागच्या जागी. एवढ्याशा कागदाला बोटांनी घडी बसत नाही, म्हणून सुईचं टोक. घड्या घालणारी पोर १२ वर्षांची. सादाको सासाकी.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ती २ वर्षांची. घर स्फोटापासून दीड-पावणेदोन किलोमीटरवर. वाचली. पळताना काळा पाऊस, म्हणजे स्फोटाची किरणोत्सारी राख मिसळलेला पाऊस, मात्र अंगावर आला. पुढे शाळेच्या रिलेत धावायची. फेब्रुवारी १९५५ मध्ये रेड क्रॉस रुग्णालयात दाखल केलं. ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग.

ऑगस्टमध्ये नागोयाच्या विद्यार्थ्यांनी रुग्णांसाठी कागदी करकोचे पाठवले. हजार केले की मनातली इच्छा पुरी होते, अशी जपानी समजूत. सादाकोनं मनावर घेतलं. पण कागद? औषधाच्या पुड्यांचे. भेटवस्तूंवरचे. शेजारच्या खोल्यांत जाऊन मागून आणलेले.

आता हे हात बघा. चौकोनी कागद. कोपऱ्याला कोपरा, घडी नखानं दाबायची. पुन्हा दुमडायचा, मग उघडून चपटा करायचा. कडा मध्यरेषेला आणल्या की पतंग. पाकळी उचलून वर खेचायची. टोकं आत उलटी वळवली की एक मान, एक शेपूट. चोच शेवटी. आमच्या कॅमेरामननं तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा मान वाकडी!

मुलांसाठीच्या एका गाजलेल्या पुस्तकात ती ६४४ वर थांबते, उरलेले वर्गमित्र पुरे करतात. तिचा भाऊ सांगतो ते वेगळंच. हजार तिनं स्वतः पुरे केले, आजार हटला नाही, तरी पुढचा कागद उचलला. आम्ही भावाचं धरून चाललोय. मुलांना सांगायची गोष्ट हीच, १००१ व्या करकोच्याची.

२५ ऑक्टोबर १९५५ ला सादाको गेली.

वर्गमित्रांनी स्मारकासाठी मोहीम काढली. जपानभरातल्या ३,१०० हून जास्त शाळांनी आणि ९ देशांतून लोकांनी पैसे पाठवले. ५ मे १९५८, जपानचा बालदिन, त्या दिवशी अनावरण. वर, दोन्ही हातांनी करकोचा उंच धरलेली मुलगी. भोवतीच्या काचेच्या कपाटांत रंगीत माळा. वर्षाला साधारण १ कोटी करकोचे हिरोशिमात येतात, १० टन कागद.

स्मारकाच्या आत घंटा आहे. लोलकाच्या जागी करकोचा. ही मुलगी दोरी ओढतेय. आवाज येऊ द्या.