आखलेल्या जागेतला आनंद

रसिकहो,

आवडते संगीत, पुस्तके, चित्रपट आणि रोजचे छोटे आनंद असा मोकळा विषय संयोजकांनी मला दिला, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. अशा विषयावर नावांची लांबलचक यादी सहज देता येते, पण मी मोजक्याच गोष्टींविषयी बोलणार आहे आणि त्या सगळ्या नाशिकच्या आसपासच्या आहेत. यामागे गावाचे प्रेम आहेच. पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की या प्रत्येक गोष्टीला कसली तरी कडक मर्यादा पडलेली होती आणि त्या मर्यादेच्या आत राहून कर्त्याने जे साधले, त्याकडे मी वर्षानुवर्षे परत परत जात आलो आहे.

पुस्तकापासून सुरुवात करतो. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे, तिथल्या माणसाला पुस्तकांची वाण कधी पडत नाही. तरीही कोणते एक पुस्तक जवळ ठेवाल, असे विचारले तर मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उचलीन. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. अक्षरओळख लग्नानंतर झाली, आणि या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. पंडिती भाषा त्यांच्यापाशी नव्हती. घरात, ओसरीवर, बायकाबायकांत जी मराठी बोलली जाते तेवढीच होती, आणि त्या मराठीत त्यांनी वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यापासून नवऱ्याच्या धर्मांतरापर्यंत सारे काही सांगितले. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले, पुढची पाच वर्षे नवराबायकोची ताटातूट झाली. एखाद्या कसलेल्या लेखकाने या प्रसंगावर विशेषणांचा पाऊस पाडला असता. लक्ष्मीबाई काय घडले ते सांगतात, कोण काय बोलले ते सांगतात आणि पुढे जातात. त्यांची वाक्ये आखूड असतात, त्यामुळे दुःखाचा प्रसंग आणि हसू आणणारा प्रसंग एकाच पानावर शेजारीशेजारी नांदतात आणि दोन्ही खरे वाटतात. अलंकार न वापरता इतके लिहिता येते, हे मला मराठीत याहून स्पष्टपणे दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही.

चित्रपटांविषयी थोडक्यात सांगतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की सारेजण १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आठवण काढतात, आणि ते रास्तच आहे, पण माझा जीव १९१९ च्या ‘कालिया मर्दन’वर आहे. चित्र मुके आहे, रंग नाहीत, कॅमेरा जागचा फारसा हलत नाही. कृष्णाची भूमिका फाळक्यांच्या मुलीने, लहानग्या मंदाकिनीने, केली आहे आणि चित्रपटाच्या आरंभी गोष्ट सुरू होण्यापूर्वीच ती नुसत्या चेहऱ्याने एकामागून एक भाव दाखवते. आवाज नाही म्हटल्यावर डोळे, ओठ आणि भुवया यांनीच सगळे बोलायचे, हे फाळक्यांनी प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले. पुढे कृष्ण डोहात उतरतो तेव्हा एकदा पाण्याखालची झुंज आणि एकदा काठावर जमलेल्या गोकुळवासीयांची तगमग, असे आलटूनपालटून दिसत राहते. कथा ठाऊक असूनही माझा श्वास तिथे आजही अडतो. ज्यांनी हे चित्र पाहिलेले नाही त्यांनी ते घरी मुलांना बरोबर घेऊन पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुके चित्र कंटाळवाणे असेल ही भीती मुलांना नसते, ती आपल्याला असते.

आता रोजच्या आनंदाविषयी. सुट्टीच्या सकाळी पांडवलेणी चढावीत, तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने कोरवून घेतलेल्या लेखासमोर, आपल्या लेकाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी एका आईने दगडावर मावेल एवढ्या जागेत कशी सांगितली आहे ते पाहत थोडा वेळ उभे राहावे, आणि खाली उतरून दही-पापडासह काळ्या मसाल्याची मिसळ खावी, हा नाशिककरांना सांगण्याचा विषय नव्हे. मला आज द्राक्षांविषयी बोलायचे आहे, कारण आपण नाशिकचे लोक द्राक्षे पोटभर खातो, पण त्यांच्याकडे पुरते पाहत नाही, असे मला वाटते.

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोड्या बाराची, म्हणजे फळासाठीची, छाटणी, या दोन कापण्यांवर बागेचे वर्ष उभे असते. वेल मोकळा सोडला तर पानोळा माजतो आणि फळ मागे पडते, म्हणून बागाईतदार वर्षातून दोनदा तो निर्दयपणे छाटतो. एवढ्यावर भागत नाही. घड लागले की जास्तीचे घड काढून टाकायचे, आणि राहिलेल्या घडांतलेही मणी विरळ करायचे, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते. विरळणी चालू असताना एखाद्या बागेत उभे राहून पाहावे: हिरव्या मण्यांचा सडा वेलीखाली पडलेला असतो आणि वर घड अगदी विरविरीत, केविलवाणे दिसत असतात. दोन महिन्यांनी त्याच घडात बोट शिरायला जागा राहत नाही. द्राक्ष तोडल्यानंतर आंब्यासारखे पिकत नाही. जी गोडी भरायची ती वेलीवरच भरावी लागते, त्यामुळे तोडणीचा दिवस ठरवणे हे मोठ्या जाणकारीचे काम असते. घेणाऱ्याने दोनच गोष्टी पाहाव्यात. देठ हिरवा असावा, आणि मण्यांवरची पांढुरकी भुकटी पुसली गेलेली नसावी. ती हाताळल्याने जाते, म्हणून ती शाबूत असेल तर घड फार हातांतून फिरलेला नाही असे समजावे. जानेवारी ते एप्रिल एवढेच हे सुख असते. बाराही महिने ते मिळावे अशी इच्छा मला कधी झाली नाही.

शेवटी संगीत, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवले आहे. पंडित द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशिकला जन्मले. वडील पंडित विष्णु दिगंबर यांचा रामनाम आधार आश्रम याच गावचा. मुलगा दहा वर्षांचा असताना, १९३१ साली, वडील गेले. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांकडे झाली, आणि १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, हा गवई आपल्यातून गेला. त्यांच्या हयातीत निघालेल्या बहुतेक ध्वनिमुद्रिका मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरच्या आहेत. अशा तबकडीच्या एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. ज्या रागाला बैठकीत तासभर लागतो, तो एवढ्या वेळात उभा करायचा.

त्यांचा गौड सारंग घ्या. हा दुपारचा राग, शुद्ध आणि तीव्र अशा दोन्ही मध्यमांचा, आणि चालीने वाकडा, म्हणजे स्वर सरळ ओळीने न घेता वळणे घेत जाणारा. ‘ग रे म ग’ आणि ‘प रे सा’ अशा वळणांनीच तो ओळखू येतो. सावकाश आलाप करत ही वळणे एकेक दाखवायला तबकडीवर उसंतच नाही. पलुस्करांनी ती बंदिशीच्या तोंडातच ठेवली आहेत, त्यामुळे पहिली ओळ पुरी होईस्तोवर राग ओळखीचा झालेला असतो. मग तानांसाठी, म्हणजे जलद स्वरपंक्तींसाठी, वेळ उरतो, आणि त्या तानांतला प्रत्येक स्वर निवडलेल्या दाण्यासारखा सुटा ऐकू येतो. घाई कुठेही जाणवत नाही. शब्द स्पष्ट, आकार मोकळा, आणि सगळे तीन मिनिटांत.

जाणकार मंडळी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, की मैफलीतले पलुस्कर याहून विस्तृत आहेत आणि रागाचा विस्तार हाच आपल्या संगीताचा प्राण आहे. त्यांची दीर्घ मुद्रणेही मी आवडीने ऐकतो. तरीदेखील माझे मत असे आहे की या छोट्या तबकड्यांना ‘नमुना’ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. त्यांत काय गाळायचे हे ठरवणारी जी बुद्धी दिसते, ती विस्तारात लपून जाते. आज खिशातल्या फोनवर अमर्याद गाणे उपलब्ध असताना तरुण मुलांना मी हेच सुचवतो की एक तबकडी निवडा आणि आठवडाभर तेवढीच ऐका. पहिल्या दिवशी चाल कळते, मग लय, मग तानेची सुरुवात कुठल्या मात्रेवरून झाली ते कळते, आणि त्यानंतर आपण बरोबर गुणगुणू लागतो.

संयोजकांनी गौड सारंगाची ती ध्वनिमुद्रिका इथे ऐकवण्याची सोय केली आहे, तेव्हा मी आता थांबतो. ऐकताना मुखडा, म्हणजे बंदिशीचे तोंड, दर वेळी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो याकडे लक्ष ठेवावे. गाणे संपल्यावर ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी जरूर विचारावेत.